फोटोत सगळ्यांनी गोरे बघितले, मी हापसा बघितला

गेल्या आठवड्यात तालुक्यातल्या तीन-चार ग्रुपवर एकच फोटो फिरला. एक गोरं म्हातारं जोडपं, दोघांच्या छातीवर नावाची काळी पट्टी, भोवती पंधरा-वीस पोरं, खाली लाल माती. वर ओळ लिहिलेली, ‘आफ्रिकेत सेवा करणारे मिशनरी आजी-आजोबा’. झालं, दोन तासांत दोन फळ्या पडल्या. एक फळी म्हणाली, धर्मांतराचे दलाल आहेत, आधी पाणी पाजणार आणि मग बाप्तिस्मा देणार. दुसरी म्हणाली, देवमाणसं आहेत, या वयात घरदार सोडून जंगलात गेलेत, नाहीतर आपले रिटायर लोक बघा. सकाळपर्यंत दोघा-तिघांनी ग्रुप सोडला, ॲडमिनने ‘शांतता राखा’ टाकलं आणि विषय संपला.

मला दोन्ही बाजूंचा राग आला. का आला ते जरा सविस्तर लिहितो. वेळ असेल तर वाचा, नसेल तर अंगठा दाखवून पुढे जा, सवयच आहे आपली.

पहिली गोष्ट, आफ्रिका म्हणजे एक गाव नाही. चोपन्न देश आहेत तिथे. मूळ फोटो हुडकला तर तो घानाचा निघाला. पट्टीवरचं नाव वाचलं, तर हे लोक ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’चे, म्हणजे आपण ज्यांना मॉर्मन म्हणतो ते. मुख्यालय अमेरिकेत, युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला. या चर्चमध्ये अठरा-वीस वर्षांची पोरं मिशनवर जातात हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. पण मुलंबाळं मार्गी लागलेली, निवृत्त झालेली जोडपीही जातात, सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत. पगार नाही. घरभाडं, जेवणखाण, सगळा खर्च स्वतःच्या पेन्शनमधून आणि साठवलेल्या पैशातून. नवऱ्याला ‘एल्डर’ आणि बायकोला ‘सिस्टर’ म्हणायचं, पुढे आडनाव.

आता ‘जंगलात गेले’ म्हणणाऱ्यांनी ऐका. अशा जोडप्यांनी घरी मुला-नातवंडांना लिहिलेली पत्रं या आठवड्यात बरीच वाचून काढली. त्यात जंगल फारसं नाही. पुढचं वाचून तुम्हाला एखाद्या पंचायत समितीच्या कारकुनाचा दिवस आठवेल.

पहाटे पाचला उठायचं, कारण आठनंतर फिरता येत नाही इतकं उकडतं. बाहेर कोंबडे, मशिदीची बांग, शेजारच्या अंगणात खराट्याचा आवाज. फिरून आलं की मलेरियाची गोळी, रोज, न चुकता. मग छतावरची पाण्याची टाकी बघायची. तिला तिकडे ‘पॉलिटँक’ म्हणतात, आपण सिंटेक्स म्हणतो तसं. नळाला पाणी येईल त्या दिवशी ती भरून घ्यायची. लाइट गेली असेल तर जनरेटर. तिकडच्या लोडशेडिंगला त्वी भाषेत ‘डमसोर’ असा झकास शब्द आहे. डम म्हणजे बंद, सोर म्हणजे चालू. महावितरणच्या ग्राहकाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.

नऊला ऑफिस. म्हातारा हिशेब बघतो. तरुण मिशनऱ्यांच्या खोल्यांची भाडी, वीज-मीटरचं रिचार्ज, गाडीचं डिझेल, लॉगबुक, पावत्या. भाड्याचं प्रकरण तर बघा. घानाचा कायदा म्हणतो, सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ भाडं मागायचं नाही. मालक मागतात दोन वर्षांचं, तेही एकरकमी. आयुष्यभर युटात दर महिन्याला चेक फाडलेला माणूस तिथे घरमालकासमोर बसून घासाघीस करतो. म्हातारी फोन सांभाळते. कुणाला ताप आला, कुणाचं पोट बिघडलं, कुणाला दवाखान्यात न्यायचं. दुपारी खोल्यांची तपासणी. मच्छरदाणी फाटली आहे का, पाण्याच्या फिल्टरची कँडल बदलली का, शेगडी किती दिवस घासलेली नाही. एकोणीस वर्षांच्या पोरांची खोली कशी असते ते हॉस्टेलवर राहिलेल्याला सांगायला नको. पत्रांमध्ये देवदूतांपेक्षा झुरळांचा उल्लेख जास्त आहे, खोटं नाही सांगत.

शनिवारी रस्ते जाम, कारण घानात अंत्यविधीचे मोठे कार्यक्रम शनिवारी होतात, तंबू, लाउडस्पीकर, काळे-लाल कपडे. रविवारी दोन तास प्रार्थना. संध्याकाळी नातवंडांना फोन, तोही घड्याळ बघून, कारण युटाचं घड्याळ सहा-सात तास मागे. या काळात घरी एखादं नातवंड जन्मतं, ते मोबाइलच्या पडद्यावर बघायचं. एखाद्याचा भाऊ जातो, एखादीची आई जाते. काही जण अंत्यविधीलाही जात नाहीत. हा भाग वाचताना मी थांबलो. त्यांचा देव मला पटो न पटो, त्यांचं घर सुटलेलं असतं हे खरं आहे.

पण म्हणून ती देवमाणसं होतात का? बघा, ही माणसं अठरा महिन्यांनी घरी जातात. पासपोर्ट खिशात असतो, परतीचं तिकीट ठरलेलं असतं. आजारी पडली तर विमानाने हलवायची सोय असते. ज्या डमसोरची ती पत्रात गंमत सांगतात तो डमसोर शेजारच्या शिंपिणीचा धंदा बुडवतो, आणि तिला तिकीट नाही. या पत्रांमध्ये एक वाक्य मला इतक्यांदा सापडलं की शेवटी मोजायचं सोडून दिलं. ‘यांच्याकडे किती कमी आहे, तरी किती आनंदी आहेत.’ हे वाक्य आपणही बोलतो बरं का. पुण्यामुंबईचे लोक पाड्यावर कपडे वाटायला गेले की संध्याकाळच्या स्टेटसला हेच असतं. अहो, पाहुणा आलाय म्हणून माणूस हसतो. पाहुण्यासमोर तोंड पाडून बसायची रीत घानात नाही आणि मराठवाड्यातही नाही. याच आनंदी घानाच्या लोकांनी मे २०१५ मध्ये डमसोरविरुद्ध अक्रात मेणबत्त्या आणि कंदील घेऊन मोर्चा काढला होता. पुढे होती इव्हॉन नेल्सन नावाची त्यांची सिनेमातली नटी. वीज द्या, एवढीच मागणी. कमी असण्यातला आनंद तेव्हा कुठे गेला होता?

आता पहिल्या फळीकडे येतो. ‘भोळ्याभाबड्या लोकांना आमिष दाखवून बाटवतात.’ आपल्या भागात हे वाक्य कानाला इतकं सवयीचं झालंय की कुठल्याही देशाच्या फोटोखाली आपण ते चिकटवतो. घानाचा आणि नायजेरियाचा इतिहास काय सांगतो ते बघा.

या चर्चने १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य दिलेलंच नव्हतं. सभासद होता येईल, पण अधिकार मिळणार नाही. काळे-गोरे भेद, सरळसरळ. आणि अशा चर्चला पश्चिम आफ्रिकेतले लोक स्वतःहून पत्रं लिहीत होते, आमच्याकडे या म्हणून. घानात बिली जॉन्सन नावाचा माणूस होता. १९६४ ला त्यांचा धर्मग्रंथ त्याच्या हाती लागला आणि तो स्वतःच प्रचार करायला लागला. ना मान्यता, ना पैसा, ना एक गोरा माणूस सोबत. नायजेरियात अँथनी ओबिना नावाचे शाळामास्तर. त्यांना स्वप्नात एक इमारत दिसली. पुढे बियाफ्राच्या युद्धात घरी अडकून पडलेले असताना जुन्या ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये तीच इमारत दिसली, ती सॉल्ट लेकचं मंदिर निघाली. त्यांनीही पत्रं लिहिली. स्वप्नावर विश्वास ठेवायचा की नाही तुमचं तुम्ही ठरवा, पण पत्रं खरी आहेत. चर्चने १९६०च्या दशकात नायजेरियात माणूस पाठवायचा प्रयत्न केला, तेव्हा अमेरिकेत शिकणाऱ्या नायजेरियन विद्यार्थ्यांनी हा वर्णभेद तिथल्या वर्तमानपत्रात छापून आणला आणि सरकारने व्हिसा अडवला. भोळेभाबडे लोक असे असतात होय?

जून १९७८ मध्ये चर्चने बंदी उठवली. नोव्हेंबरमध्ये पहिले मिशनरी गेले, आणि ते कोण होते? दोन उतारवयीन जोडपी. रेंडेल आणि रेचल मेबी, एडविन आणि जॅनॅथ कॅनन. मेबी हे युटाच्या विधानसभेचे माजी सभापती. २१ नोव्हेंबर १९७८ ला ओबिना आणि बरोबरच्या अठरा जणांचा बाप्तिस्मा झाला. त्याच दिवशी ओबिना स्थानिक शाखेचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्या पत्नी फिडेलिया महिला मंडळाच्या प्रमुख. त्याच दिवशी! वर्षभरात नायजेरिया आणि घाना मिळून सतराशेहून अधिक सभासद झाले. आणि मग ती दोन्ही जोडपी सामान भरून घरी गेली.

यात कोण कुणाला फशी पाडत होतं? चौदा वर्षं वाट बघणारा जॉन्सन की वर्षभर येऊन गेलेले मेबी?

अजून एक प्रसंग. जून १९८९ मध्ये घाना सरकारने या चर्चवर बंदी घातली. परदेशी मिशनऱ्यांना देशाबाहेर काढलं, चर्चच्या इमारतींना कुलूप लागलं. तिथले लोक या काळाला ‘फ्रीझ’ म्हणतात. नोव्हेंबर १९९० अखेर बंदी उठली. म्हणजे जवळपास अठरा महिने, एका जोडप्याचा मिशनचा काळ असतो तेवढेच. या अठरा महिन्यांत एकही गोरा म्हातारा हिशेब बघायला नव्हता. लोक घराघरात बसून प्रार्थना करत राहिले. बंदी उठली तेव्हा चर्च तिथेच होतं. २००४ मध्ये अक्रात त्यांचं मंदिर उभं राहिलं.

म्हणून म्हणतो, आपल्या दोन्ही फळ्यांनी एकच चूक केली. फोटोत वीस-बावीस माणसं आहेत आणि आपण दोनच बघितली. एका फळीला बाकीचे गळाला लागलेले मासे वाटले, दुसरीला भिकारी वाटले. त्यांना स्वतःचं डोकं असेल, त्यांनी काही ठरवलं असेल, हे दोघांपैकी कुणाच्या मनातही आलं नाही. इंग्रज आपल्याबद्दल असंच बोलायचा. आता आपण घानाबद्दल बोलतो.

तर मग या मिशनरींना प्रश्न विचारायचेच नाहीत का? विचारा की! पण जिथे विचारायचे तिथे विचारा. हिशेबाचा प्रश्न विचारा. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने या चर्चला आणि त्याच्या गुंतवणूक कंपनीला मिळून पन्नास लाख डॉलरचा दंड लावला. कारण २०१८ पर्यंत बत्तीस अब्ज डॉलरच्या घरात गेलेली समभागांची गुंतवणूक वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाआड लपवली होती. बत्तीस अब्ज! आणि इकडे पासष्ट-सत्तरीचा म्हातारा स्वतःच्या पेन्शनमधून घरभाडं भरून त्याच चर्चच्या पावत्या फायलीला लावतोय. तो म्हणेल, माझी श्रद्धा. ठीक. पण अक्रात ट्रोट्रो चालवणारा, म्हणजे आपल्याकडची काळी-पिवळी चालवणारा, तोही कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देतो. २०१८ च्या एप्रिलमध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष नेल्सन नैरोबीला गेले आणि गरिबांनी दशांश द्यावा, त्यानेच पिढ्यान्‌पिढ्यांची गरिबी तुटते, असं सांगून आले. त्यावर जगभर टीका झाली, माझीही त्यात भर घाला. ज्याच्या तिजोरीत अब्जावधी आहेत त्याने गरिबाला देण्याचं महत्त्व शिकवू नये. आपल्याकडे कुठल्या देवस्थानाला, कुठल्या महाराजांना हे लागू होतं ते मी लिहीत नाही, मला या गावात राहायचंय.

आता हापसा. तुम्ही म्हणाल, याचा काय संबंध?

फोटो मोठा करून बघा. म्हाताऱ्याच्या उजव्या हाताला, पोरांच्या मागे एक पंप दिसतो. चौकोनी डबा, लांब दांडा, तीन पाय सिमेंटात रोवलेले. ओळखलात? शाळेच्या मागे होता तोच. इंडिया मार्क टू. त्याची वंशावळ जालन्यातून जाते. साठच्या दशकात आपल्याकडे विंधनविहिरी घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा वर बसवलेले पंप बिडाचे असायचे, परदेशातल्या एका कुटुंबाच्या वापरासाठी बनवलेले. त्यावर अख्खं गाव तुटून पडायचं आणि महिन्या-दोन महिन्यांत दांडा हातात यायचा. जालन्यातल्या मिशनच्या मंडळींनी एकाच बिजागरीवर फिरणारा दांडा करून बघितला, तो जालना पंप. सोलापूर वेल सर्व्हिसच्या कार्यशाळेत तो आणखी सुधारला, पोलादाचा झाला, तो सोलापूर पंप. १९७४ च्या सुमाराला युनिसेफने पाहणी केली तेव्हा देशातल्या चारपैकी तीन हातपंप बंद निघाले. मग सोलापूर पंपाचा पाया धरून सरकार, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी मिळून इंडिया मार्क टू तयार केला. तो पुढे आफ्रिकेत गेला. घानात जे पंप अधिकृत ठरवले त्यातल्या एकाचं नावच ‘घाना मॉडिफाइड इंडिया मार्क टू’ आहे.

म्हणजे बघा, धर्मांतराच्या दलालांनी जालन्यात बसून काय केलं, तर बिजागरी बदलली. आणि देवमाणसांचं म्हणाल, तर त्यांचा पहिला पंप बाकीच्यांनी सुधारला, तेव्हा तो टिकला. बहात्तरच्या दुष्काळानंतर जन्मलेल्या आपल्या पिढीने ते पाणी प्यायलंय, कुणाचाही धर्म न विचारता.

हापशाला कोण गोरा आणि कोण काळा ते कळत नाही, त्याला वायसर कळतो. सहारा वाळवंटाच्या खालच्या देशांत ढोबळमानाने तीन-चार हातपंपांतला एक कुठल्याही दिवशी बंद असतो. कारणं आपल्याला तोंडपाठ आहेत. चामड्याचा वायसर झिजतो, साखळी तुटते, पाइप गंजतो. पश्चिम आफ्रिकेत तर जमिनीतलं पाणी बऱ्याच ठिकाणी आम्लधर्मी आहे, जीआय पाइप लवकर खातं. पाण्याला लोखंडाचा वास येतो, कपड्यावर लाल डाग पडतात, मग बाया पंप सोडून पुन्हा ओढ्यावर जातात. मार्क टूचे पाइप वर काढायला घोडी लागते, गडी लागतात, गाडी लागते. म्हणून पुढे मार्क थ्री आला, त्यात पाइप न काढता आतला दट्ट्या वर घेता येतो. हे सगळं उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही. फीत कापणारा म्हातारा अठरा महिन्यांत युटाला पोचतो आणि वायसर दोन वर्षांनी फाटतो.

या चर्चचे पाणी प्रकल्प करताना गावाने श्रमदान करायचं, पाणी समिती नेमायची, पंप सांभाळायला माणसं तयार करायची अशी पद्धत आहे. कागदावर चांगली आहे. आपल्याकडेही ग्राम पाणीपुरवठा समिती कागदावर चांगलीच असते. त्यामुळे ज्या पत्रात नुसतं ‘आज विहिरीचं लोकार्पण झालं, लोकांच्या डोळ्यात पाणी होतं’ एवढंच असतं, त्यावर माझा विश्वास बसत नाही. डोळ्यातलं सोडा, पंपातलं सांगा.

विश्वास बसतो तो वेगळ्या पत्रांवर. सत्तरीची एक बाई दर बुधवारी आठ-दहा पोरांना कीबोर्ड शिकवते. का, तर चर्चमध्ये गाण्याला साथ करणारा कुणी नाही आणि ती गेल्यावर पुन्हा मोबाइलवर गाणी लावावी लागतील. एक म्हातारा सहा महिने एका स्थानिक तरुणाला हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवतो आणि सातव्या महिन्यात लिहितो, आता तो माझ्या चुका काढतो. या दोघांचे फोटो आपल्या ग्रुपवर येणार नाहीत. त्यात लाल माती नाही, रडणारं पोर नाही. जोडपं परत निघालं की पुढचं जोडपं यायला कधी कधी महिनोन्‌महिने लागतात. त्या मधल्या काळात कीबोर्ड वाजतो का, बँकेची पासबुकं जुळतात का, हापशाचा वायसर कोण बदलतं, तिथे कळतं आधीच्या माणसांनी काय केलं ते.

तर फोटो टाकणाऱ्या माझ्या मित्राला जाहीर विनंती. तू मला ओळखतोस, रागावू नकोस. मूळ फोटो ज्या पानावरून घेतलास तिथे एक साधा प्रश्न टाक. पंप कुठल्या गावात आहे, समितीत कोण आहे आणि आज दांडा हापसला तर पाणी येतं का? उत्तर आलं तर ग्रुपवर टाक, मी माझ्या पानावर लावतो. आणि दोन्ही फळ्यांतल्या वीरांनो, तोवर आपल्या शाळेमागचा हापसा एकदा हापसून या. दिवाळीपासून बंद आहे. पंचायतीत विचारलं तर म्हणाले, यांत्रिक येऊन गेला, वायसर नव्हता.